गल्लीतून गगनात

महाभारतातली एक गंमत सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. एवढा अफाट ग्रंथ, पण त्याच्या आरंभीही एक कुत्रे आहे आणि अखेरीसही एक कुत्रे आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञमंडपात सरमेचे पिल्लू शिरते. हविर्द्रव्याला ते तोंड लावत नाही, तिकडे पाहतसुद्धा नाही; तरी जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. सरमा राजापुढे उभी राहून विचारते, माझ्या लेकराचा अपराध कोणता? राजाजवळ उत्तर नसते. पुढे लाखभर श्लोक उलटून गेल्यावर महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागून एक कुत्रे चालत येते. इंद्र रथ घेऊन उभा, स्वर्गाचे दार उघडे. पण कुत्र्याला आत प्रवेश नाही. धर्मराज म्हणतो, मग मलाही यायचे नाही.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण विसाव्या शतकात तिची एक उलटी आवृत्ती घडली. ३ नोव्हेंबर १९५७ या दिवशी स्वर्गाचे दार उघडले, कुत्रे आत गेले, आणि माणूस खाली राहिला. त्या कुत्रीचे नाव लायका. तिचे नाव ठाऊक नाही असा वाचक विरळा. परंतु ती तिथवर गेली कशी, तिला तयार कुणी केले, आणि गल्लीबोळांतून हुंदडणाऱ्या एका चळवळ्या जिवाला हंड्याएवढ्या जागेत स्वस्थ राहायला शिकवले तरी कसे, हा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. तो आज फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढे ठेवावा असे मनात आहे.

प्रथम उमेदवारांची ओळख करून घेऊ. मॉस्कोतील विमानवैद्यक संस्थेत १९५० च्या सुमारास व्लादिमीर याझ्दोव्स्की या डॉक्टरांनी हे काम हाती घेतले. पुढे ओलेग गाझेन्को त्यांना येऊन मिळाले. अमेरिकेत असल्या प्रयोगांसाठी माकडे वापरीत. रशियनांनी कुत्रे निवडले, आणि त्याला त्यांच्याकडे परंपराही होती. ज्या पाव्हलॉव्हना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांची सारी हयात कुत्र्यांच्या सहवासात गेली होती. कुत्र्याचे हृदय, त्याचा श्वास, त्याची सवय यांविषयी रशियन शास्त्रज्ञांना जेवढे ठाऊक होते तेवढे दुसऱ्या कुणाला क्वचितच असेल.

पण कुत्रा कोणता? आपल्याला वाटेल, एवढ्या मोठ्या कामगिरीवर जायचे तर चांगला वंशावळीचा, पदके मिळवलेला कुत्रा असेल. तसे नव्हते. मॉस्कोच्या रस्त्यांवरची बेवारशी, मिश्र रक्ताची कुत्री मुद्दाम धरून आणली जात. त्यामागचा विचार साधा होता. जे कुत्रे मॉस्कोचा हिवाळा उघड्यावर काढते, दोन दोन दिवस उपाशी राहते आणि तरी शेपटी हलवते, त्याने निम्मी परीक्षा आधीच दिलेली असते. वजन सहासात किलोच्या आत हवे, कारण रॉकेटमध्ये प्रत्येक किलोचा हिशेब होता. उंची हातभराहून कमी. रंग शक्यतो उजळ, म्हणजे आतल्या कॅमेऱ्यात चेहरा नीट दिसावा. आणि पृथ्वीच्या कक्षेत पाठवायच्या तुकडीत बहुधा माद्याच घेत. त्याचे कारण अगदी घरगुती आहे: नर लघवीला पाय वर करतो, आणि त्या कोठडीत पाय वर करायला जागा नव्हती.

असली लहान मिश्र कुत्री ज्यांनी पाळली आहेत त्यांना पुढची अडचण सांगायला नको. आमच्या घरी बंड्या नावाचे एक पात्र होते. आई गावठी, बाप शेजारच्या बंगल्यातला झिपऱ्या पॉमेरेनियन असावा असा आळीचा एकमुखी निर्णय. वजन जेमतेम सहा किलो; पण जिना उतरताना तो पायऱ्या मोजायचा नाही, उडी मारायचा. सकाळी तासभर टेकडीवर पळवून आणला की दिवसभर शहाणा. पावसाने टेकडी चुकली की दुपारपर्यंत एक चप्पल तरी कामास यायची. या प्राण्याच्या अंगातला जोर हा उतू जाणाऱ्या दुधासारखा असतो. झाकण दाबून तो थांबत नाही. आच कमी करावी लागते, म्हणजेच त्याला पळवावे लागते. आता असल्या जिवाला वीस दिवस एका खोक्यात, पट्ट्यांनी बांधून, न ओरडता, न कुरतडता बसवायचे आहे, अशी कल्पना करा.

याझ्दोव्स्कींच्या मंडळींनी हे साधले ते टप्प्याटप्प्याने. पहिल्यांदा कुत्र्याला नुसता अंगरखा घालीत. तो अंगाला सवयीचा झाला की पट्टे. मग मलमूत्र गोळा करणारी रबरी पिशवी. मग पिंजरा; आधी ऐसपैस, मग थोडा लहान, मग आणखी लहान. मुक्काम आधी काही तासांचा, मग दिवसाचा, मग पंधरावीस दिवसांचा. सुरुवातीला कुत्री बावरत. कित्येकांचा मलमूत्रविसर्ग बंद होई. रेचके देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. शेवटी जे औषध लागू पडले ते एकच: पुन्हा पुन्हा, धीराने, त्याच क्रमाने सराव. जेवणही निराळे होते. पातळ अन्न तरंगून जाईल म्हणून पाणी आणि खाद्य एकत्र घोटून त्याची खळीसारखी घट्ट लापशी करीत आणि ठरल्या वेळी यंत्राचे झाकण उघडून ती पुढे येई. कुत्र्याला ते झाकण म्हणजे कुणाचा तरी हात आहे असे वाटू लागेपर्यंत हा खेळ चाले.

मग येई गरगर फिरणारे यंत्र. जत्रेतल्या पाळण्याचे राक्षसी भावंड म्हणा. त्यात अंगावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. नाडी दुप्पट होई. त्यापाठोपाठ थरथरणारा तक्ता आणि रॉकेटच्या गर्जनेची सवय. ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांना लक्ष्मीपूजनाच्या रात्री पलंगाखाली थरथरणारा जीव आठवेल. फटाक्याचा आवाज आपल्या कानाला जेवढा लागतो त्याहून त्याच्या कानाला कितीतरी अधिक लागतो. आणि तो का झाला, कधी थांबणार, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. या कुत्र्यांना ते जणू सांगून ठेवले जाई. आवाज झाला, ओळखीचा माणूस आला, सोडवले, थोपटले, बाहेर नेले. दहादा तसे झाले की अकराव्यांदा कुत्रे आवाज ऐकून दाराकडे पाहते. त्याला खात्री असते की आता कुणीतरी येईल.

वाचकांनी ही खात्री ध्यानात ठेवावी. या साऱ्या शिक्षणाचा पाया तीच होती. पट्टा, पिंजरा, यंत्र ही वरवरची साधने. चळवळे कुत्रे स्वस्थ बसते ते बांधले म्हणून नव्हे. बांधणारा सोडवायला येतो हे अनुभवाने पटले म्हणून.

२२ जुलै १९५१ च्या पहाटे कापुस्तिन यार येथून देझिक आणि त्सिगान हे दोन कुत्रे रॉकेटमधून सुमारे शंभर किलोमीटर उंच गेले आणि पॅराशूटने सुखरूप उतरले. झाकण उघडताच लोक धावत गेले. कुत्रे शेपट्या हलवीत होते. आठवड्याने देझिकला लिसा नावाच्या दुसऱ्या कुत्रीबरोबर पुन्हा पाठवले. त्या खेपेस पॅराशूट उघडले नाही. तेव्हा ब्लागोनराव्हॉव्ह या वयोवृद्ध शास्त्रज्ञांनी त्सिगानला पुन्हा उडू दिले नाही. आपल्या घरी नेले.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट अशी मजेदार आहे की ऐकून कुणीही हसावे. स्मेलाया, म्हणजे 'धीट', नावाची कुत्री उड्डाणाच्या आदल्या दिवशी फिरायला नेली असता पळाली. स्तेपच्या माळावर लांडगे. साऱ्यांनी आशा सोडली. दुसऱ्या दिवशी बाई आपल्या पायांनी परत आल्या आणि ठरल्याप्रमाणे उड्डाण करून सुखरूप उतरल्या. सप्टेंबरात बोलिक पळाला तो मात्र परतला नाही. वेळ थोडा. अखेर खाणावळीभोवती घुटमळणाऱ्या गावठी कुत्र्यांतले मापात बसणारे एक उचलले, आंघोळ घातली, अंगरखा चढवला आणि रॉकेटमध्ये बसवले. त्याला ना पिंजऱ्याचा सराव, ना यंत्राचा. तेही सुखरूप परत आले! त्याचे नाव ठेवले झिब. 'बेपत्ता बोलिकच्या जागी बदली' या अर्थाच्या रशियन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. वर्षभर शिकवलेला विद्यार्थी पळून जावा आणि ऐनवेळी बसवलेला उंडगा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावा, असा हा प्रकार.

पण ही उड्डाणे चेंडू वर फेकावा तशी होती. वर गेले, खाली आले. पृथ्वीभोवती फिरत राहायचे काम निराळे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला स्पुटनिक गेला आणि जग थक्क झाले. रशियन राज्यक्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला होता. क्रुश्चेव्हना त्याआधी आणखी एक चमत्कार हवा होता. उणापुरा महिनाभर हातात. तेवढ्यात यान वर नेण्याची सोय होणार होती. ते खाली आणण्याची होणे शक्य नव्हते. म्हणजे जी कुत्री जाईल ती परतणार नाही, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते.

शिकवून तयार अशा तिघी होत्या: अल्बिना, मुश्का आणि कुद्र्याव्का. अल्बिना पूर्वी दोनदा रॉकेटमधून जाऊन आलेली, सर्वांची लाडकी, आणि नुकतीच व्यालेली. तिला राखीव ठेवले. मुश्कावर यंत्रांची चाचणी घेतली. उरली कुद्र्याव्का, म्हणजे कुरळी. तिचेच पुढे लायका झाले. तीनएक वर्षांची, सुमारे सहा किलोची, शांत. जाण्यापूर्वी याझ्दोव्स्कींनी तिला एकदा आपल्या घरी नेले आणि मुलांबरोबर खेळू दिले. तिच्याकडे आता फार थोडे दिवस उरले आहेत, तेव्हा तिच्यासाठी काही चांगले करावेसे वाटले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

३१ ऑक्टोबरला तिला कोठडीत बसवले. उड्डाणाला अजून तीन दिवस होते. उभे राहता येई, आडवे होता येई. मागे वळता येत नसे. यान सुटले तेव्हा तिची नाडी मिनिटाला १०३ वरून २४० वर गेली. पुढे भार संपला, शरीर हलके झाले, आणि नाडी हळूहळू उतरू लागली. पण जमिनीवरच्या सरावात जेवढा वेळ लागे त्याच्या तिप्पट वेळ लागला. त्यात कोठडी तापत चालली होती. जगाला सांगण्यात आले की ती कित्येक दिवस जगली. खरी हकीकत २००२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव्ह यांनी उघड केली: उष्णता आणि भीती यांनी ती उड्डाणानंतर काही तासांतच गेली. तिचे यान मात्र पृथ्वीभोवती अडीच हजारांवर प्रदक्षिणा घालून १४ एप्रिल १९५८ रोजी वातावरणात जळून गेले.

मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. दिवाळी होऊन दहाबारा दिवस झाले होते. आळीतल्या एका तांबूस कुत्रीचे नाव त्याच आठवड्यात लायका पडले, आणि तिला पोळीचा तुकडा टाकताना आम्ही मुले आकाशात पाहायचो. मोठी माणसे रशियाच्या करामतीविषयी बोलत. आम्ही एकच विचारीत असू: ती परत केव्हा येणार? थोर मंडळी विषय बदलीत. तिकडे ब्रिटनमधील नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीगने कुत्री पाळणाऱ्यांना रोज एक मिनिट स्तब्ध राहण्याचे आवाहन केले होते. प्रश्न सगळीकडे तोच होता, सरमेचाच.

त्याचे उत्तर द्यायला एक्केचाळीस वर्षे लागली, आणि ते ज्यांनी द्यायला हवे त्यांनीच दिले. १९९८ साली गाझेन्को जाहीरपणे म्हणाले, की जसजसा काळ जातो तसतसे मला अधिक वाईट वाटते. तिचा मृत्यू योग्य ठरावा एवढे ज्ञान आम्हाला त्यातून मिळाले नाही. हे बोलणारा माणूस प्राणिमित्र संघाचा वक्ता नव्हता. त्याने स्वतःच्या हातांनी त्या कुत्र्यांना शिकवले होते, आणि ती कोणत्या भरवशावर स्वस्थ बसतात हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

लायकानंतर यान परत आणण्याची विद्या साधली. १९ ऑगस्ट १९६० रोजी बेल्का आणि स्त्रेल्का, म्हणजे खारुताई आणि छोटा बाण, एक ससा, उंदीर आणि माश्या असा गोतावळा घेऊन वर गेल्या आणि दिवसभर फिरून सुखरूप आल्या. कक्षेत जाऊन जिवंत परतलेल्या या पहिल्या कुत्री. चौथ्या प्रदक्षिणेच्या वेळी बेल्का अस्वस्थ झाली, तिला ओकारी आली. म्हणूनच पहिल्या माणसाला एकाहून अधिक प्रदक्षिणा घालू द्यायच्या नाहीत असे ठरले. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन १०८ मिनिटांत परतला, त्यामागे गल्लीतल्या एका कुत्रीच्या पोटातली मळमळ होती! त्याच वर्षाच्या अखेरीस गागारिन आपल्या मुंबईला आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

व्यायामाचा धडा याहूनही मोठा आहे. २२ फेब्रुवारी १९६६ रोजी वेतेरोक आणि उगोल्योक, झुळूक आणि कोळसा, वर गेले ते तब्बल बावीस दिवसांसाठी. कुत्र्यांच्या उड्डाणांतला तो उच्चांक आजही कायम आहे. परतले जिवंत, पण अंगरखे काढले तेव्हा पाहणाऱ्यांना भडभडून आले. केस गळून कातडी उघडी पडली होती, स्नायू वितळल्यासारखे झाले होते, हाडांतला चुना कमी झाला होता, आणि दोघांना पायांवर उभे राहवत नव्हते. त्यांना पुन्हा नीट चालायला दिवस लागले. चार वर्षांनी सोयूझ ९ मधून निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह सुमारे अठरा दिवसांनी परतले, तेव्हा त्यांनाही धड चालता येईना. पुढे १९७१ च्या पहिल्या अंतराळस्थानकात पळण्याचा पट्टा बसवला गेला. आज अंतराळस्थानकातला प्रत्येक माणूस दिवसाचे सुमारे दोन तास व्यायाम करतो. शरीराला धावणे ही चैन नसून अन्नासारखी गरज आहे, याचा एक पहिला पुरावा त्या दोन मुक्या जिवांनी आपल्या पायांनी दिला.

आता तोंड गोड करणारा प्रसंग सांगतो. स्त्रेल्काला पुढे सहा पिल्ले झाली. १९६१ च्या जूनमध्ये व्हिएन्नाच्या भेटीत जॅकलीन केनेडींनी क्रुश्चेव्हजवळ त्या पिल्लांची चौकशी केली. थोड्याच दिवसांत पुशिन्का नावाचे मऊ पांढरे पिल्लू वॉशिंग्टनला हजर! शीतयुद्धाचे दिवस. पिल्लाच्या अंगात चोरून ऐकणारे यंत्र तर नाही ना, म्हणून आधी लष्करी इस्पितळात तपासणी झाली. निघाले काय, तर कुत्रे. व्हाइट हाउसमधल्या कुत्र्यांची देखभाल ट्रॅफिस ब्रायंट नावाचा वीजतंत्री करीत असे. मुलांच्या घसरगुंडीच्या शिडीवर प्रत्येक पायरीवर एक एक शेंगदाणा ठेवून त्याने पुशिन्काला वर चढायला आणि पलीकडून घसरत यायला शिकवले.

आईची आणि लेकीची शाळा ताडून पाहण्यासारखी आहे. पद्धत तीच: लहान पायरी, लगेच खाऊ, पुन्हा पायरी. रक्तही तेच. पण आईला शिकवले न हलण्याचे, आणि लेकीला शिकवले तिच्या अंगच्या ओढीचेच. दोघी शिकल्या, कारण दोघींना शिकवणाऱ्याचा भरवसा होता. पुशिन्काला केनेडींच्या चार्ली नावाच्या वेल्श टेरियरपासून १९६३ मध्ये चार पिल्ले झाली, तेव्हा ती मागणारी पत्रे हजारांनी आली. मॉस्कोच्या गल्लीतले बेवारशी रक्त असे अमेरिकन अध्यक्षांच्या घरी पोचले. दोन्ही महासत्तांना जे टेबलाभोवती बसून जमले नाही ते या कुळाने घसरगुंडीवर जमवले, असे म्हणायला हरकत नाही.

२००८ साली मॉस्कोत, लायकाला जिथे तयार केले त्या संस्थेजवळ, तिचे एक छोटे स्मारक झाले. रॉकेट वर जाता जाता माणसाच्या तळहाताचे रूप घेते आणि त्या तळहातावर ती उभी आहे. तो तळहात तिला वर उचलतो आहे की सोडून देतो आहे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे.

आपल्या दारात, जिन्याखाली, गाडीच्या चाकांपाशी जी लहान, चपळ, कुळशील नसलेली कुत्री झोपलेली असतात, ती याच जातीची आहेत. त्यांना शिकवता येते. गंगा आणि व्होल्गा यांत या बाबतीत फरक नाही. रोज तासभर पळवावे, पायरी लहान ठेवावी, खाऊ लगेच द्यावा, भीतीचा आवाज हळूहळू ओळखीचा करावा; आणि बांधले तर सोडवायला जावे. आज संध्याकाळी फुलबाज्या पेटतील, कुणाच्या तरी पलंगाखाली दोन डोळे चमकतील. मुलांनी वाकून तिकडे जरूर पाहावे. चिवडा तिखट असेल, तो नको. शेंगदाणा चालेल, पण बिनमिठाचा.